शेऱ्याचा रकाना

नेरूळच्या त्या शाळेत सुनयनाबाई बावीस वर्षं लिपिक होत्या. आधीच्या लिपिकांनी निवृत्त होताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर एक काळं, ड्रॉपरनं शाई भरायचं पेन त्यांच्या हातात दिलं, तेव्हापासून जनरल रजिस्टर त्याच पेनानं लिहिलं जाई. पेन महालहरी. नवऱ्याचीसुद्धा इतकी मर्जी सांभाळली नाही, असं त्या स्वतःच म्हणत.

सोमवारी त्या पेनानं घात केला. पहिलीतल्या एका मुलीच्या जन्मतारखेवर शाईचा टपोरा थेंब पडला. त्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. पुढचा दाखला, जातपडताळणी, पासपोर्ट, सगळं तिथूनच निघतं. मुख्याध्यापिका राजलक्ष्मी मॅडमनी विचारलं, "हे कसं झालं?" आणि सुनयनाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "रोज सकाळी पेन जोतीराम भरतो. आटे नीट आवळले नसतील."

जोतीराम शिपाई दारातच उभा होता. साताऱ्याकडचा, निवृत्तीला सात महिने उरलेले.

मॅडमनी ठरवून टाकलं. शेऱ्याच्या रकान्यात शिपायाचा हलगर्जीपणा असं कारण लिहायचं आणि त्याला मेमो द्यायचा. मेमो सेवापुस्तकात लागणार.

"गुरुवारी चारला सही करते. पण बाई, त्याच पेनानं, त्याच शाईनं लिहा. आणि आधी ते दुरुस्त करून आणा, दुसरा डाग नको."

गुरुवारी मधल्या सुट्टीत सुनयनाबाई बसनं वाशीला गेल्या. जिन्याखालच्या दुकानात अय्युबभाईंनी निब आणि तिच्याखालची जीभ ओढून काढली, कोमट पाण्यात धुतली, भिंगातून पाहिली, परत बसवली. अडीच वाजले होते.

"बाई, पेनात काही बिघाड नाही."

"मग थेंब कसा पडला? आटे सैल असतील."

"आटे सैल? उघडताना मला फडकं घ्यावं लागलं, बघितलंत ना. ते सोडा, शाई अर्धीच का भरता?"

"त्यानं काय होतं?"

"अर्धी नळी रिकामी म्हणजे आत हवा. त्यात हा एप्रिल, वर तुमच्या हाताची ऊब. हवा फुगते, शाईला बाहेर ढकलते. पूर्ण भरा, नाही ओकणार. भरतं कोण?"

"शिपाई."

"मग त्याला सांगा."

त्याला सांगितलेलंच होतं. चार वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात पेन पर्समध्ये गळलं आणि पैठणीचा पदर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दरडावलं होतं, "जोतीराम, आजपासून अर्धीच भरायची. एक थेंब वर नको." तो बिचारा तेव्हापासून थेंब मोजून भरत होता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. मुख्य लिपिकाच्या जागेसाठी त्यांचं नाव गेलं होतं. जोतीराम तर सात महिन्यांनी घरीच बसणार. एका मेमोनं त्याची काय पेन्शन अडणार होती? पण इतक्या वर्षांत एकही मेमो न मिळालेला शिपाई त्या शाळेत तो एकटाच होता, आणि हे सगळ्यांची सेवापुस्तकं लिहिणाऱ्या त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

पावणेचारला रजिस्टर उघडून ठेवलेलं होतं. जोतीरामनं शाईची बाटली पुढे केली.

"पूर्ण भर."

"तुम्हीच अर्धी म्हणाला होता."

"म्हणाले होते. पूर्ण भर."

त्यांनी पेन हातात घेतलं. शेऱ्यात एकदा लिहिलं की खुद्द मॅडमनाही खोडता येत नाही. त्यांनी लिहिलं, 'शाई लिपिकाच्या चुकीच्या सूचनेमुळे सांडली. शिपायाचा दोष नाही.' आणि सही केली.

मॅडमनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "तुमच्या फाईलला हे जोडावं लागेल, बाई."

"जोडा."

मॅडम सही करून निघून गेल्या. मेमोचा कागद टेबलावर तसाच राहिला. तो फाडून सुनयनाबाई म्हणाल्या, "जोतीराम, माझं चुकलं."

"सोमवारीच तुम्ही बोलला असता तर बरं झालं असतं, बाई. घरी बायकोला, पुतळाला सांगून बसलो. चार दिवस झाले, पिऊन गेला असशील म्हणती मला."

"फोन लाव तिला. मी बोलते."

"नको. मीच तुम्हाला बोलायला लावलं असं वाटंल तिला."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं आणि घंटा द्यायला गेला.