सुमनचा नाताळसण

आमच्या बचत गटाची मीटिंग तासाभराची. त्यात कामाची मिनिटं दहा. उरलेल्या पन्नास मिनिटांत जे होतं ते इतिवृत्ताच्या वहीत लिहिता येत नाही, आणि वही लिहिणारी मी! त्यामुळे "विविध विषयांवर चर्चा होऊन सभा संपली" एवढंच वाक्य वर्षानुवर्षं वहीत उतरतंय आणि खरा माल माझ्या डोक्यात साठत चाललाय. मागच्या हिवाळ्यातला तर आता मावेनासा झालाय, म्हणून सांगून टाकते.

गटात आम्ही दहाजणी, पण कुठल्याही भानगडीत चौघीच असतो. मी, सुमन, मोबाइलवर बघून सगळं शिकणारी आशा आणि आमच्या अध्यक्ष भीमाआजी. आजींना वय विचारलं तर म्हणतात, "तुला करायचंय काय?" गाव आमचं मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या थोडं अलीकडे.

*

भानगड सुमनच्या लेकीची. प्रियानं वसईच्या एका ख्रिस्ती मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा नोकरीवाला, सरळ, मराठी तर आपल्यापेक्षा झणझणीत बोलणारा. पण सुमनचे यजमान दत्तूभाऊ जे गप्प झाले ते झालेच. ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही, फक्त पोरीचा फोन उचलायचा बंद केला.

दत्तूभाऊ म्हशाच्या जत्रेत मिठाईचं दुकान लावतात. त्यांची जिलेबी खायला शहापूरहून माणसं येतात. अख्ख्या जत्रेला गोड खाऊ घालणारा माणूस, आणि पोटच्या पोरीशी वर्षभर एक शब्द नाही! सुमन गोठ्यामागे जाऊन पोरीशी फोनवर बोलायची आणि पदरानं डोळे पुसत परत यायची. आम्हाला ते बघवायचं नाही.

दिवाळी तशीच गेली. मग एका मीटिंगमध्ये सुमन उभी राहिली.

"दिवाळसण बुडाला माज्या पोरीचा. तिच्या सासरी मोठा सण नाताळ. मंग मी नाताळसण करनार. फराळ पाठवनार!"

"नाताळचा फराळ काय असतो गो?" आजींनी विचारलं.

आशानं मोबाइल चाळला. "चॉकलेट कुकी!"

"चिवडा नाय?"

"नाय."

मी वहीत लिहिलं, "विविध विषयांवर चर्चा होऊन सभा संपली."

*

सामानाच्या यादीत पहिलं नाव डार्क चॉकलेट. आमच्या दुकानात ते नव्हतं. आजी म्हणाल्या, "चॉकलेटसाठी हिंडता कशाला? माज्याकडं डबाभर हायेत!" आणि खरंच तांदळाच्या कणगीमागून डबा निघाला. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर टेकवतात ना, ती चॉकलेटं! आजींनी कित्येक वर्षांची जमवलेली.

आम्ही अख्खी दुपार कागद सोलत बसलो. काही चॉकलेटांनी कागद सोडायला साफ नकार दिला. मग सगळी पातेल्यात घालून वितळवली. त्यात निम्मी संत्र्याची निघाली, चार खोकल्याची! गार झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी जे काही तयार झालं ते उलथण्यानं निघेना, सुरीनं निघेना, गरम पाण्यानं निघेना. आशानं शेवटी बत्ता घेतला, तर पातेल्याला पोचा आला आणि आतला माल तस्साच.

ते पातेलं आजी अजून दाराला टेकू म्हणून लावतात. डार्क चॉकलेट मग आशाच्या नवऱ्यानं कल्याणहून आणलं.

*

पुढची अडचण अंड्याची. महिना मार्गशीर्ष! आशा, सुमन आणि आजी, तिघींकडे गुरुवार मांडलेले. महिनाभर घरात अंड्याचं नाव काढायचं नाही. आमचं घर बौद्ध. आमच्याकडे वंदना असते, मार्गशीर्षातले गुरुवार नसतात. झालं! अख्खा कारखाना माझ्या अंगणात आला.

सुमन म्हणाली, "अंडं मी फोडनार नाय. पन पीठ कालवीन मीच. पोरीसाठी हाय."

मग मी अंडी फोडून देत होते आणि सुमन भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी पीठ कालवत होती.

"तोंड कशाला फिरवलंस गो?" आजी.

"दिसलं नाय तर लागत नाय!"

"मंग फोडताना मी बी डोळे मिटले व्हते. मला बी नाय लागलं," आजी म्हणाल्या.

चाखायला मात्र तिघींतली एकही तयार नव्हती. त्यामुळे प्रत्येक घाणा चाखायची जबाबदारी माझ्यावर आली. कच्च्या, करपलेल्या, गोड, अगोड, सगळ्या मी एकटीनं खाल्ल्या. मैत्रीसाठी माणसाला काय काय सोसावं लागतं!

*

ओव्हन कुणाकडेच नव्हता. आशाचा मोबाइल म्हणाला, मोठ्या कढईत मीठ पसरा, वर ताटली ठेवा, झाकण लावा. गावात एवढी मोठी कढई एकच, दत्तूभाऊंची जिलेबीची! ते शेतावर गेलेले बघून सुमननं ती डोक्यावर घेतली आणि सरळ माझ्या चुलीवर आणून ठेवली.

पहिला घाणा लावून मी लाकडं आणायला मागे गेले. येऊन बघते तर आजींनी झाकण काढून एकेक कुकी बोटांनी उलटी केलेली, वर थापटलेलीसुद्धा!

"आजी, अहो काय करताय?"

"एका बाजूनं कच्ची राहिली असती ना गो!" आणि मग वाकून बघत, अगदी मनापासून हळहळत, "पन एक बी फुगली नाय."

दुसरा घाणा खालून करपला. तिसराही करपला. सुमन रडवेली झाली. तेवढ्यात कुंपणाशी दत्तूभाऊ उभे! आमच्या चौघींच्या तोंडचं पाणी पळालं.

"माजी कढई," ते म्हणाले.

"हो," सुमन.

"मिठात काय भाजताय?"

"बिस्किटं."

"कोनासाठी?"

आम्ही तिघी जमिनीकडे बघायला लागलो. सुमननं मात्र त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "प्रियाच्या सासरी."

दत्तूभाऊ कुंपणातून आत आले. ओट्यावर बसले. चहा करायचं निमित्त करून आम्ही चौघी घरात पळालो. चार बायका एका चहाला! बाहेर आलो तेव्हा ओटा रिकामा. चुलीतली निम्मी लाकडं बाहेर ओढून विझवलेली. आणि ताटलीतल्या करपलेल्या सात कुक्यांपैकी सहाच शिल्लक. आजींनी दोनदा मोजल्या.

"मार्गशीर्षात अंडं खाल्लं गो ह्यांनी!" सुमन म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

त्या मंद आचेवरचा चौथा घाणा अगदी मोबाइलमधल्यासारखा निघाला.

*

जावई कल्याणच्या एसटी स्टँडवर डबा न्यायला आला. सुमनबरोबर मी गेले होते. सुमननं तिथंच भर गर्दीत त्याला कुंकू लावलं, नारळ दिला, टॉवेल दिला. तो बिचारा सगळ्यांच्या देखत पाया पडला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लग्न लावताय का? गाडी सुटते!"

परतीच्या एसटीत सुमननं एकदम माझा हात धरला. घाईघाईत तिनं दत्तूभाऊंचा दुकानातला रेवडीचा डबा दिला होता. वर मशीननं नाव कोरलेलं, "दत्तू मिठाईवाले". जत्रेला तो लागणारच!

संक्रांत होताच दत्तूभाऊ रोज विचारायला लागले, "डबा कुठाय?"

सुमन रोज सांगायची, "येईल."

*

जत्रेचा दुसरा दिवस. दत्तूभाऊंच्या दुकानावर ही गर्दी. आम्ही तिघी सुमनला मदत म्हणून गेलेलो. त्यातल्या आजी स्टुलावर बसून फुकट जिलेबी खात होत्या, तीच त्यांची मदत. आणि त्या गर्दीतून डबा कमरेवर घेऊन आली प्रिया!

सुमनच्या हातातली पुडी खाली पडली. प्रियानं डबा बापाच्या पुढ्यात ठेवला.

"रिकामा कसा धाडायचा, म्हनून सासूबाईंनी तिळाचे लाडू केलेत."

आजींनी पटकन एक उचलून तोंडात टाकला आणि होता तसाच बाहेर काढला. "दगुड हाय गो!"

दत्तूभाऊंनी एक लाडू घेतला, काट्याच्या पारड्यावर आपटला. टण्! मग एक किलोचं वजन उचलून त्यानं फोडला आणि तुकडा तोंडात टाकला. चावत राहिले. गिऱ्हाईक ओरडलं, "भाऊ, जिलेबी जळाली!" त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाक कोनी केला?"

"सासूबाईंनीच. मोबाइल बघून. पैल्यांदाच केला त्यांनी, माज्या संक्रांतीसाठी."

दत्तूभाऊंनी उरलेला तुकडाही तोंडात टाकला. लाडू परातीत काढले, डबा पुसला, ताज्या जिलेबीनं काठोकाठ भरला, झाकण दाबून लावलं आणि तिच्यापुढे सरकवला.

"सासूला सांग, पाक उतरवायच्या आधी मला फोन लावायचा," ते म्हणाले. "नंबर तोच हाय माजा."