दाताखालचा दाणा

गफ्फारचाचांना मी तोवर कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवण उभ्याउभ्या, चहा अंगणात येरझारा घालत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. तिथं आले तरी ते खुर्चीला नुसते टेकायचे आणि सुई निघाली की कापूस दाबत दाराशी. नईमाचाची म्हणायच्या, "यायच्या पायाले अल्लानं चाकं लावून देल्ले, रश्मी." त्याच पायांतल्या डाव्याचा अंगठा आता मधुमेहाच्या जखमेनं जायच्या बेतात होता.

चाचा मूळ बाळापूरचे, पण अकोल्यात आमच्याच गल्लीत त्यांची हयात गेली. एका डाळमिलसाठी बाजार समितीच्या यार्डात माल पाहायचं काम ते अडतीस वर्षं करत होते. पाहायचं म्हणजे पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ वर काढायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगून टाकायचं, ओला की सुका. ओलावा मोजायचं मशीन मागाहून लागायचं आणि बहुतेक वेळा चाचांचंच म्हणणं गिरवायचं. दोन हजार अठराचा मार्च होता. हरभरा एवढा आला होता की भाव रोज खाली चाललेला, यार्डाबाहेर ट्रॅक्टरांची ओळ, आणि लोक दोन-दोन दिवस पोत्यांवरच झोपलेले. अशात चाचा ‘ओला’ म्हणाले की ट्रॅक्टर परत. लोक तोंडावर शिव्या घालायचे. चाचा त्यांच्यासमोर दुसरा दाणा फोडायचे, पुन्हा तेच सांगायचे आणि पुढच्या पोत्याकडे वळायचे.

सर्जननं सहा आठवड्यांची मुदत दिली होती. साखर उतरली आणि जखम भरली तर ठीक, नाहीतर अंगठा काढायचा. माझ्या वडलांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय, मग ते स्वतः. मी तेव्हा कॉलेजात होते, काही करू शकले नव्हते, आणि त्याचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. तो मी चाचांच्या ताटावर काढला. मोबाइलवरच्या एका ग्रुपात पॅलिओ डाएट म्हणून एक प्रकार चालायचा. आदिमानव खायचा तेवढंच खायचं. पोळी, भाकर, भात, डाळ, दूध, साखर, शेंगदाणा सगळं बंद. मटण, अंडी, भाज्या, बदाम, नारळ चालेल. मी चाचांना फर्मान सोडलं. जन्मभर डाळीवर जगलेल्या माणसाला डाळ बंद!

"आदिमानव चहा कायचा पेत होता?" चाचांनी एवढंच विचारलं.

रक्तातली साखर मात्र खरंच उतरायला लागली. दर सोमवारी मी रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे धावायचे आणि निकाल लागल्यासारखा आकडा वाचून दाखवायचे. तीन आठवडे असे गेले. मग नईमाचाचींनी हात टेकले. तळायचं कशात, चहात घालायचं काय, असं विचारून त्यांनी माझं डोकं खाल्लं. शेवटी एका रविवारी दुपारी (आवकेमुळे यार्ड तेव्हा रविवारीही चालू होतं) मी चाचांना यार्डातून परस्पर उचललं आणि ऑटोत घालून गावातल्या मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेले.

चाचांनी ट्रॉली अशी दामटली की जणू हातगाडी. मी मागून पळत होते. एकेक पाकीट उचलायचं, मागची बारीक अक्षरं वाचायची आणि परत ठेवायचं, हेच माझं चाललं होतं. बदामाच्या बिस्किटात मैदा. नारळाच्या लाडवात साखर. ‘शुगर फ्री’ म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या चिवड्यात पोहे. मी चिडत चालले होते, आणि चाचा माझ्याहून वैतागले होते.

"हे पाकीट कायले पाहू राहिली? अंदरचा माल तं हाताले लागतच नाही."

"वाचायला लागते चाचा. असं थोडी घेता येते?"

"वाचून माल समजते काय?"

खोबरेल तेल, बदाम आणि नारळाच्या दुधाचे चार डबे एवढं जमलं. मी मागे वळून पाहिलं तर ट्रॉली एकटीच उभी. चाचा सुट्या धान्याच्या मोठ्या पेट्यांपाशी होते. बाही वर करून त्यांनी हरभऱ्यात कोपरापर्यंत हात घातला होता आणि डोळे मिटले होते. एवढे निवांत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी ओरडेपर्यंत दाणा तोंडात गेला आणि फुटलाही.

"थुंका! चाचा, आधी थुंका!"

"एक दाणा होय पोरी."

"एक दाणा! यार्डात दिवसाले किती होतात?"

चाचांनी नजर खाली घातली. मग मान दुसरीकडे वळवली. मला काय ते समजलं. तीन आठवडे माणूस घरी इमानदारीनं मटण-भाजी खात होता आणि यार्डात दिवसभर हरभरा फोडून गिळत होता. "काम होय ते माझं, खानं नाही," ते पुटपुटले. मी तिथंच सगळ्यांदेखत त्यांच्यावर तोंड सोडलं. आज आठवलं की लाज वाटते.

बिल देऊन दाराशी आलो तर गार्डनं अडवलं. साठीकडे झुकलेला माणूस, छातीवर ‘शालिकराम’ नावाची पट्टी. त्याच्यामागे टाय लावलेला सुपरवायझर.

"काका, खिशात काय हाय?"

चाचांनी खिसा उलटा केला. यार्डातल्या नमुन्यांच्या नऊ-दहा कागदी पुड्या आणि ओंजळभर सुटा हरभरा काउंटरवर सांडला. सुपरवायझर हसला. "पेटीत हात घातलेला कॅमेऱ्यात दिसला आम्हाला," तो म्हणाला. "या वयात हे शोभतं का?"

चाचांचा चेहरा काळा पडला. अडतीस वर्षांत ओल्याला सुका म्हणा म्हणून किती जणांनी किती गोष्टी पुढे केल्या असतील. त्यांनी कधी घरी पिशवीभर हरभरा नेला नव्हता. हे सगळं मी सांगायला गेले, तर चाचांनी हातानंच मला थांबवलं. मग ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या पेटीतले चार दाणे आना."

दाणे आले. चाचांनी त्यातले दोन आणि आपल्यातले दोन शालिकरामच्या हातावर ठेवले. "तुमी कुठले, भाऊ?"

"दर्यापूरकडचा."

"मंग फोडा."

शालिकरामनं पेटीतला दाणा दाताखाली धरला. कट्‌कन दोन तुकडे झाले. मग चाचांचा. तो आधी दबला, मग फुटला. शालिकराम चघळत राहिला आणि त्याचा चेहराच बदलला. "सायेब, याले जाऊ द्या," तो म्हणाला. "आपला माल वर्सभराचा जुना हाय. हा आत्ताचा होय, खयातून निंगालेला. आमच्या वावरातला असाच असते." सुपरवायझरनं चाचांकडे न पाहता हातानंच जा म्हणून खूण केली.

चाचांनी एकेक पुडी मोजून खिशात घातली आणि तरातरा बाहेर निघाले. मी पिशव्या सावरत मागे. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. त्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर चाचांच्या डाव्या पावलामागे काळपट लाल ठिपके उमटत चालले होते. मी रोज रक्त पाहते. ते ओळखायला मला जवळ जायची गरज नव्हती.

"चाचा, बसा."

"ऑटो पाह्य तू."

"बसा म्हणते ना!"

माझ्या आवाजानं असेल, पण ते मॉलच्या पायरीवर बसले. मी बूट ओढला. मोजा तळाशी फाटून ओलाचिंब झाला होता. तो सोलून काढला तर पट्टी केव्हाच सरकलेली, आणि अंगठ्याखालच्या जखमेत एक हरभरा रुतून बसलेला. तो मी चिमटीत धरून काढला. चाचा माझ्याकडे कुतूहलानं पाहत होते, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता.

त्यांनी दाणा माझ्या हातातून घेतला आणि बोटांवर फिरवून पाहिला.

"दुकानातला नाही हा. माझा होय. सकाळच्या पहिल्या पोत्यातला."

म्हणजे सकाळपासून. यार्डात, ऑटोत, मॉलभर माणूस तो दाणा तुडवत फिरला होता. मग एखाद्या लेकरासारखं त्यांनी मला विचारलं, "मले टोचला काहून नाही, रश्मी?"

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. साखरेनं पायातली जाणीव खाल्ली होती. तीन आठवडे मी त्यांचं ताट पाहिलं, आकडे पाहिले, पाकिटांवरची अक्षरं पाहिली. एकदाही गुडघे टेकून त्यांचा पाय पाहिला नाही. वडलांचा पाहिला नव्हता, तसाच. मी तिथंच पायरीवर रडले आणि मग ऑटो सरळ दवाखान्याकडे घेतला.

अंगठा गेला. पाऊल वाचलं. आणखी आठवडा काढला असता तर तेही गेलं असतं, असं सर्जन म्हणाले. नारळाच्या दुधाचे डबे नईमाचाचींच्या फळीवर तसेच पडून राहिले. चाचा आता अर्धी भाकर खातात, दाणा फोडला की थुंकतात आणि यार्डात जातात.

सकाळी लॅबला निघताना मी त्यांच्या फाटकाशी थांबते. चाचा ओट्यावर बसतात. हो, बसतात. डावा बूट मांडीवर घेतात, पोत्यात घालायचे तसा त्यात हात घालतात, डोळे मिटून तळापर्यंत चाचपतात आणि मगच पाय घालतात.