उभ्या इंजिनाची धाप
काल वर्कशॉपमध्ये कुणीतरी सोल्डरिंग करत होतं आणि त्या वासासरशी परदेशातल्या माझ्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमधला एक जुना रविवार आठवला. आई पुण्याहून महिनाभरासाठी आली होती. मी जेवणाच्या टेबलावर रूळ मांडून नवं मॉडेल इंजिन घेऊन बसलो होतो. त्यात आवाजाची चिप कारखान्यातूनच बसवून आली होती. हौसेनं घेतलं, पण ती चिप काही केल्या ऐकेना. आवाज कमी करावा, तर वीज बंद करून सुरू केली की पुन्हा पहिल्याइतकाच. गाडी थांबवली तरी इंजिनाची घरघर चालूच. समोर आई टेक्काच्या भारतीय बाजारातून आणलेली मेथी निवडत होती. "थांबली ना रे ती? मग धापा कसल्या टाकतेय?" "थांबली नाही आई, नुसती उभी आहे," मी वैतागून म्हणालो, "कारखान्यातच तसं करून ठेवलंय." मेथीवरची नजर न उचलता आई म्हणाली, "तूही जुरोंग आयलंडच्या प्लँटवरून आलास की सोफ्यावर असाच बसतोस. जागचा हलत नाहीस, पण आतून चालूच." मी रुळांची वीजच तोडली. घर इतकं शांत झालं की मेथीची देठं मोडल्याचं ऐकू यायला लागलं, आणि तेवढ्यात प्लँटमधून फोन आला. पुढे सोल्डर वितळवून ती चिप मी उपटून टाकली. इंजिन आता मुकं होऊन शोकेसमध्ये पडलंय. आई मात्र अजूनही दर रविवारी फोनवर विचारते, "थांबलास का रे जरा?" मी म्हणतो, "उभा आहे, आई."