खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

ये गं पोरी, अशी माझ्याजवळ बस. कागदावरच बसवतेय तुला. समोर असतीस तर आधी कान पिळला असता. परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, मी शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना बाटल्यांवरची धोक्याची चित्रं शिकवते. आईला त्यातलं काय कळणार?" अगं, तुझ्या आंधळ्या आईला ती चित्रं तुझ्या जन्माआधीपासून पाठ होती. तिचे डोळे कसे गेले ते घरात बोलायचं नाही, असं आम्हीच ठरवलेलं. आता ऐक.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघी बहिणी साताऱ्याकडून जुईनगरला आलेल्या, आणि तुझी आई इथल्या एका शाळेत प्रयोगशाळेची मावशी झाली. इंग्रजी अक्षर येत नव्हतं. म्हणून विज्ञानाच्या बाईंनी बाटल्यांवर कागद चिकटवून चित्रं काढून दिली. कवटी म्हणजे विष, ज्वाळा म्हणजे पेट घेणारं, आणि थेंब पडून झिजलेला हात म्हणजे कातडी जाळणारं. हिनं घरी येऊन माझ्या रॉकेलच्या डब्यावर ज्वाळा काढली, सासूबाईंच्या मिश्रीच्या डबीवर कवटी. सासूबाई म्हणतात, "माझा फोटू काढलास व्हय गं?" हसून हसून पोट दुखलं आमचं.

मग खंडेनवमी आली. शाळेत तराजू, नळ्या, बाटल्या, सगळ्यांची पूजा व्हायची. तू तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागलेलीस. देवापुढं मळकं कसं ठेवायचं, म्हणून तुझ्या आईनं बाटल्या बादलीत बुडवून लख्ख घासल्या. खळीनं चिकटवलेले कागद सुटून आले. पूजा झाली की परत लावीन, कुठला कुठं ते मला ठाऊक आहे, म्हणाली. मग बाटल्यांना हळदकुंकू लावताना कुंकू उडालं आणि डोळ्यांत गेलं. नळाचं पाणी गेलेलं, बादलीतलं घाण झालेलं. तिथं डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली असायची. बाई म्हणायच्या, याच्याइतकं शुद्ध पाणी नाही. डोळ्यांना तेच बरं, म्हणून तिनं ओंजळीत ओतलं आणि लगेच दोन्ही डोळ्यांवर मारलं.

ते कॉस्टिक सोड्याचं पाणी होतं गं, झिजलेल्या हाताचा कागद सुटलेल्या बाटलीतलं. दिसायला तसंच, वास नाही, रंग नाही.

दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी तुला कडेवर घेऊन जायची. तिथंच, खाटेचा आधार सोडून, तू पहिलं पाऊल टाकलंस. मी ओरडलेच, "अगं, चालली बघ!"

तर ती म्हणते, "अक्के, धर तिला! पट्टी सुटेपर्यंत चालू देऊ नकोस. मला बघायचंय!"

मी तुला उचलून घेतलं. तू हातपाय झाडून रडलीस.

पुढं डॉक्टरांनी पट्टी सोडली. ती मान वर करून बसलेली. आम्ही तिच्या तोंडाकडं बघतोय. मग म्हणाली, "सोडा की आता लवकर."

मी ती सुटलेली पट्टी तिच्या हातात ठेवली.

मोठेपणीचं तुझं तोंड तिनं बोटांनीच पाहिलंय. हल्ली त्या बोटांना सारख्या मुंग्या येतात, हात लावलेलं नीट कळत नाही. काल माझ्या गालावरून हात फिरवत बसली आणि विचारते, "कोण गं तू?" मी बोलले तेव्हा ओळखलं. पोरी, सुट्टीची वाट बघत बसू नकोस. बोटांत काही उरलंय तोवर तुझं तोंड तिच्या हातात दे. येत्या रविवारीच ये.