बाई आधी वास घ्यायच्या

संगणकाचा डबा उघडला की बाई आधी वास घ्यायच्या. चार स्क्रू काढायच्या, बाजूचा पत्रा सरकवायच्या, ओढणी खांद्यामागे टाकायच्या आणि डोळे मिटून नाक थेट आत घालायच्या. आम्ही भोवती उभे. मग मान वर करून त्या निकाल सांगायच्या.

"जळलेलं नाय. नुसती धूळ आहे."

किंवा, "हा गेला. पंखा बरेच दिवस बंद असणार. एवढी माणसं बसता इथे, कुणी ऐकलं नाय?"

तुमच्याही कचेरीत संगणक दुरुस्त करायला कुणीतरी येत असेल. तो बहुधा आल्या आल्या कीबोर्ड पुढे ओढतो, मशीन बंद करून चालू करतो आणि 'झालं' म्हणत निघून जातो. बाईंना घाई नसे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर खाली पळू लागल्या की आमचा जीव वरखाली होई. कुणीतरी हात पुढे करी. बाई तो हात बाजूला सारत. "थांबा. आधी त्याला बोलू द्या." स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून त्या पडद्यासमोर उभ्या राहत, चाळीच्या नोटीस बोर्डासमोर माणूस उभा राहतो तशा.

मला त्या आवडत नसत. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते लपायचं नाही.

आमचं वाचनालय दादरला, मंडईच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथे ग्रंथपाल. पुस्तकांची यादी म्हणजे लाकडी खणांत ओळीने लावलेली कार्डं, आणि त्यातली बहुतेक माझ्या हातची. सव्वीस वर्षं मी ती लिहीत आलो. पण लोक खण उघडत नसत, माझ्याकडे येत. शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना आजी म्हणत असू. त्या विचारायच्या, "अहो, ते कुठलं हो, ज्यात धाकटी बहीण शेवटी परत येते?" मी उठून, कार्ड न बघता, ते पुस्तक त्यांच्या हातात ठेवायचो. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं.

मग आमच्या कार्यवाहांनी कुठल्याशा कचेरीतून मोडीत निघालेले सहा संगणक आणले. ते इतके जुने होते की नेहमीची प्रणाली त्यांवर चालेना. कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. बाई माहीमच्या कोळीवाड्यातल्या. आई मासळी विकायची. बाई एका दुरुस्तीच्या दुकानात फोन घ्यायला म्हणून लागल्या आणि मेकॅनिकच्या पाठीमागे उभं राहून सगळं शिकल्या. त्यांनी सहाही मशीनांवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली.

"हे कुणाच्या मालकीचं?" कार्यवाहांनी विचारलं.

"कुणाच्याच नाय. सार्वजनिक गणपतीसारखं समजा. जगभरची माणसं आपापलं काम करून जातात. वर्गणीची सक्ती नाय, आणि आत डोकवायला कुणी अडवत नाय."

"आणि बिघडलं तर?"

"तर मी आहे की. मंगळवार, शुक्रवार."

माझी सगळी कार्डं त्यांनी दोन महिन्यांत मुख्य संगणकात चढवली. बाकीच्या पाच मशीनांवरून ती यादी बघता येई. काम संपल्यावर त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सर, तुमच्या कार्डांत एक चूक सापडली नाय मला. आणि करंट गेला तरी चालतात." मी नुसती मान हलवली. कौतुक करणाऱ्या माणसाचा राग येणं ही काय चीज असते, ते मला त्या दिवशी समजलं.

राग क्षुल्लक गोष्टींवर निघे. जुन्या मशीनची मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबराने घासले की मेलेलं मशीन पुष्कळदा उठतं. बाई त्यासाठी माझंच खोडरबर मागत. "सर, द्या ना तुमचं औषध." परत येई तेव्हा त्याची एक बाजू काळीकुट्ट झालेली असे. मी नवं पांढरं खोडरबर आणून खणात कुलपात ठेवलं आणि काळं झालेलं टेबलावर त्यांच्यासाठी. त्यांनी ते पाहिलं असणार. आपलं मानून तेच वापरत राहिल्या.

एके दिवशी आजी आल्या. मी उठायच्या बेतात होतो. त्या माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेल्या, एका संगणकासमोर बसल्या आणि एका बोटाने काहीतरी टाइप करू लागल्या. "बाईंनी शिकवलंय मला," त्या लांबूनच म्हणाल्या. "तुम्हाला आता उठायचा त्रास नको."

त्याच आठवड्यात मी लिनक्सवरचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं. वाचणं मला येतं. म्हटलं, मेकॅनिकच्या पाठीमागे उभं राहून जे येतं ते पुस्तकातून का येऊ नये?

माझ्या टेबलावरचं मशीन सकाळी यादीला जोडलं जायला वेळ घेई. पुस्तकात होतं, जोडणीसाठी मशीनला स्वतःचा नंबर हाताने देता येतो. कुठला द्यावा? मुख्य संगणकावर बाईंनी एक नंबर चिठ्ठीवर लिहून चिकटवला होता. वाचनालयात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तर दोन्हींवर वर्गाचा एकच क्रमांक घालतात. ते माझ्या हाडात मुरलेलं. यादी एक, तर नंबरही एक. मी तोच नंबर माझ्या मशीनला दिला.

संगणकाच्या जगात हे चालत नाही. चाळीत दोन बिऱ्हाडांच्या दारावर एकच नंबर लावला तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचं? यादी मागणारी मशीनं कधी मुख्य संगणकाकडे जात, कधी माझ्याकडे येत, आणि माझ्याकडे तर काहीच नव्हतं. यादी दिसे, मध्येच गायब होई. आजी वैतागून म्हणत, "आत्ता होतं की हो इथे!"

पहिले दोन दिवस मला खरंच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला जाताना मी माझं मशीन बंद केलं, आणि परत आलो तर सगळ्यांची यादी सुरळीत चालू होती. मी माझं चालू केलं. यादी गेली.

इथे मी नंबर बदलायला हवा होता. एका मिनिटाचं काम. पण आजी उठून माझ्या टेबलाशी आल्या होत्या. "तुम्हीच सांगा आता," म्हणाल्या, आणि मी त्यांना पुस्तक काढून दिलं. त्या दिवशी आठ-दहा जणांनी मला पुस्तकं विचारली. मी नंबर तसाच ठेवला.

याहून वाईट पुढे आहे. शुक्रवारी बाई आल्या तेव्हा मी माझं मशीन चालूच केलं नाही. यादी उत्तम चालली. बाईंनी दोन तास तपासलं, वास घेतला, खोडरबर मागितलं, काही सापडेना. त्या गेल्यावर मी बटण दाबलं. पुढच्या मंगळवारीही तेच.

कार्यवाह चिडले. "बाई आल्या की चालतं, गेल्या की बंद. म्हणजे काय, मशीन लाजतं की काय?" समितीची बैठक ठरली. बाईंना यापुढे बोलवायचं नाही आणि संगणक भंगारात द्यायचे, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. मला वाचनालय आणि माझं टेबल परत मिळणार होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी, त्यांचा वार नसताना, बाई आल्या. मी मशीन चालू करून बसलो होतो. आता बंद केलं तर दिसलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुख्य संगणक स्वतःची एक रोजनिशी ठेवतो, काय झालं, कधी झालं. ती त्यांनी पडद्यावर उघडली आणि हात पाठीमागे बांधून वाचत उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग तिथूनच म्हणाल्या,

"सर, गेल्या बुधवारी तुम्ही रजेवर होता ना?"

"हो."

"बुधवारी दिवसभर कायच झालं नाय. बाकी रोज साडेदहाला सुरू होतं, जेवायच्या वेळी थांबतं. मी येते त्या दिवशी मी जाईपर्यंत नाय."

त्या माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या नव्हत्या. डबा उघडल्यावर आत बघायच्या, तशा बघत होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा सांगा ना."

मी जिन्याखाली टपरीवर गेलो. दोन ग्लास घेऊन वर आलो तेव्हा बाई माझ्या टेबलाखालून उठत होत्या, हातात एक वायर, गुडघ्यांना धूळ. कार्यवाह शेजारी उभे होते.

"वायर सैल होती," बाई त्यांना सांगत होत्या. "माझ्याकडूनच राहिली असणार."

"एका वायरीसाठी इतके दिवस, बाई? समितीला काय सांगू मी?"

"सांगा, मशीन म्हातारं, बाई आंधळी. आता नाय होणार."

कार्यवाह पुटपुटत गेले. बाईंनी माझ्या हातातला ग्लास घेतला. "साखर कमी सांगितली नाय तुम्ही," एवढंच म्हणाल्या. दुरुस्तीची एक वही होती, तिच्यात त्या प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहीत: लक्षण, कारण, उपाय. त्या गेल्यावर मी वही उघडली. 'कारण: वायर सैल.' मग माझ्या मशीनचा नंबर पाहिला. शेवटचा आकडा बदलला होता.

तुम्हाला वाटेल, मी निवळलो. नाही. पकडला जाऊन शिव्या खाल्ल्या असत्या तर फिट्टंफाट झाली असती. आता मला त्यांचं नाकही नको वाटे, हसणंही नको वाटे. इतकं मोठं मन यांना कुठून मिळालं, आणि मला का नाही? सव्वीस वर्षं पुस्तकांत बसून जे आलं नाही, ते ही बाई टेबलाखाली वाकून, गुडघे मळवून करून गेली.

त्यानंतर त्यांनी एक नवीनच सुरू केलं. पडद्यावर काही आलं की मला हाक मारायच्या. "सर, जरा मोठ्याने वाचा ना. माझा चष्मा राहिला घरी." मी वाचायचो. "म्हणजे काय म्हणतोय तो?" त्या विचारायच्या. मी शब्दकोशातल्यासारखा अर्थ सांगायचो. "मग काय करूया?" असं वर्षभर चाललं. वाचता वाचता मला डिस्क भरणं कळू लागलं, हरवलेला प्रिंटर सापडू लागला. एकदा अशीच हाक आली, मी उठून गेलो, आणि चष्मा त्यांच्या कपाळावर होता. केसांत खोचलेला. मी तो पाहिला हे त्यांनी पाहिलं. "वाचा, वाचा," त्या म्हणाल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्दही तयार होते. मी पडद्यावरची ओळ वाचली.

पुढच्या वर्षी एका मंगळवारी बाई आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. फोन भावाने उचलला. पोटाचं दुखणं, परळच्या हॉस्पिटलात आहे, म्हणाला. मी भेटायला जाईन म्हणालो. काय बोलायचं ते ठरवण्यात तीन आठवडे घालवले. चौथ्या आठवड्यात भावाचाच फोन आला.

माहीमला गेलो तेव्हा त्यांची आई दारात बसली होती. मी ओळख सांगितली.

"तुमी कार्डवाले सर," म्हातारी म्हणाली. "सांगायची ती. सरांचं अक्षर छापल्यावानी."

मी म्हणालो, "त्या मशीनचा आधी वास घ्यायच्या."

म्हातारीच्या तोंडावर हसू आलं आणि तिथेच मोडलं. "माझ्याकडनंच शिकली. कल्ले उघडून वास घेतल्याबिगर मी पापलेट हातात नाय धरत. पोरगी टोपलीपाशी बसून बघायची." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "वासावरनं सगळं कळायचं तिला. पण बोलायची नाय."

आता मंगळवार-शुक्रवार मीच बघतो. परवा एक मशीन सुरू होईना. आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. "बाई असत्या तर एव्हाना झालं असतं," म्हणाल्या. मला चटका बसला, अजून बसतो. मी पत्रा काढला, डोळे मिटले, नाक आत घातलं. धुळीचा वास होता. मेमरीची पट्टी काढून घासली. मशीन उठलं.

नोंद करायला वही काढली. बऱ्याच दिवसांनी मागची पानं चाळली. बाईंच्या सगळ्या नोंदी निळ्या शाईत आहेत, अक्षर मोठं, उजवीकडे कललेलं. एकच नोंद पेन्सिलीत आहे, सैल वायरीची. मी चहा सांगायला गेलो होतो; टेबलावर माझीच पेन्सिल पडलेली असेल. हाताशी पेन नसेल. त्या दिवशी वही उघडून मी कारण वाचलं होतं. ते कशाने लिहिलंय, ते पाहिलं नव्हतं.

खणाचं कुलूप उघडलं. पांढरं खोडरबर आत होतं, कोरं. ते तसंच ठेवलं. टेबलावरचं, बाईंचं घेतलं आणि 'वायर सैल' पुसलं. काळ्या बाजूचा डाग कागदावर उमटला, तो निघेना. त्या डागावरच मी कार्डावर लिहितो तशा अक्षरात, शाईने लिहिलं: 'कारण: ग्रंथपालाने आपल्या मशीनला मुख्य संगणकाचा नंबर दिला, आणि कळल्यावरही बदलला नाही.'

मग वही कार्यवाहांच्या टेबलावर नेऊन, ते पान उघडं ठेवून आलो.