भिंगरी बसला तो रविवार

भिंगरीचं खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. लिफ्टच्या कंपनीत, गल्लीत आणि रविवारी डोंगरावर जाणाऱ्या मंडळींत तो भिंगरीच. आईच्या पोटातसुद्धा हा प्राणी पुरते नऊ महिने थांबला नाही. सातव्यातच बाहेर आला आणि तेव्हा जो निघाला तो निघालाच. चहा उभ्याने, पेपर चालता चालता, दाढी करताना एक पाय बाथरूमच्या बाहेर. लग्नाच्या फोटोत सगळे सोयरेधायरे स्वच्छ दिसतात, नवरदेव तेवढा पुसट आहे. हलला, दुसरं काय! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, याचं तर तेही सुटून पडलं असतं.

काम मात्र त्याला अंगासरसं मिळालं होतं. लिफ्टदुरुस्तीचं. कुठे लिफ्ट मध्येच अडकली, आतली माणसं दारावर थापा मारायला लागली, की भिंगरी जिन्याने धावत सुटायचा आणि तळमजल्यावरूनच ओरडायचा, "आलो, आलो!" त्या नुसत्या हाकेने आतल्यांचा अर्धा जीव भांड्यात पडायचा. अशा नोकरीत उभी हयात गेल्यावर माणसाचं एक मत होऊन बसतं. भिंगरीचं मत असं, की जगात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे दुसऱ्याला ताटकळत ठेवणं, आणि त्याच्या खालोखाल वाईट म्हणजे आपण ताटकळणं.

तरीही हा गृहस्थ डोंगरावर बायकोसाठी थांबायचा. दर रविवारी, दर वळणावर. हे तो चारचौघांत सांगायचासुद्धा. "माझ्यासारख्या माणसाने थांबायचं म्हणजे काय असतं, ते माझं मला ठाऊक," असं म्हणायचा. याहून नवऱ्याने प्रेम करायचं तरी कसं?

बायको पडद्यांच्या दुकानात शिलाईला होती. आठवडाभर मशीनवर वाकून बसल्यावर तिला रविवार हवाच असायचा, पण तिची चाल सावकाश. झाडाचं खोड बघेल, वाटेवरचं पान उचलेल, पुन्हा ठेवेल. गेल्या वर्षापासून तिला चढावर धाप लागायची. डॉक्टर म्हणाले होते, चालणं सोडू नका, पण दमेपर्यंत चालू नका.

आता परवाचीच गोष्ट. शनिवारी संध्याकाळी ती दुसऱ्या दिवसासाठी अंडी उकडत होती, आणि पातेल्याकडे बघत बघतच तिने सांगून टाकलं.

"उद्याचं झालं की पुढच्या रविवारपासून मी ताईंबरोबर जाणार."

ताई म्हणजे भिंगरीचीच थोरली बहीण. काठी टेकत खालच्या जंगलातल्या सपाट वाटेने फिरायची आणि दर बाकावर बसायची.

"आणि मी?" भिंगरीने विचारलं.

"तुम्ही जा की मंडळींबरोबर. तुम्हाला कोण अडवतंय?"

"अगं, पण मी थांबतो की तुझ्यासाठी! सांग, एक तरी वळण मी थांबलो नाही असं झालंय?"

"नाही झालं," ती म्हणाली. "थांबता खरे." आणि तिने गॅस बंद केला.

भिंगरीला काहीच उमजेना. शिवी दिली असती तर परवडली असती. पुढच्या उन्हाळ्यात तो निवृत्त होणार होता, आणि त्यानंतर रोज, रविवारच नव्हे तर रोज, दोघांनी डोंगरावर जायचं हा बेत त्याने मनात पक्का करून ठेवला होता. बायकोला विचारायचं तेवढं राहिलं होतं. आता त्याला सरळसरळ भीती वाटली. घरात बसायची भीती होतीच, पण तिच्याशिवाय एकट्याने चालायची भीती जास्त होती. उद्याचा एकच दिवस हातात होता. उद्या इतकं चांगलं थांबून दाखवायचं की ही आपला शब्द मागे घेईल, असं त्याने ठरवलं.

त्याच संध्याकाळी त्याने बुटाचं सुटत आलेलं सोल चिकटवलं. चांभाराकडे टाकायचे तर दोन दिवस वाट बघावी लागणार, म्हणून घरीच. सोल्युशनच्या ट्यूबवर लिहिलं होतं की पूर्ण दिवस सुकू द्या. भिंगरीने सकाळी बूट घातले.

बसमधून उतरून मंडळी वाटेला लागली तेव्हा धुकं उठत होतं. पानगळ ऐन भरात होती. डोक्यावर पिवळं, पायाखाली तांबडं, आणि खालच्या थरातली पानं ओली, त्यामुळे पाय जपून टाकावा लागे. झाडांवर वाटेच्या खुणेचे रंगाचे पट्टे होते. पुढे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पण अजून सगळ्यांना रांगेत चालवणारे. पाठोपाठ भिंगरी. मग औषधाच्या दुकानाचे मालक आणि आणखी चारदोन जण. सगळ्यात शेवटी बायको.

पहिल्या वळणावर भिंगरी दगडावर टेकला. टेकला म्हणजे काय, बूड एका जागी आणि दोन्ही पाय नाचतायत. बायको दिसली मात्र, तो टुणकन उठला. "आलीस? चला!" बायको आली, तिने मान हलवली आणि चालत राहिली. दुसऱ्या वळणावरही तेच. तिसऱ्या वळणावर तर त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा आधीच उघडून ठेवलं होतं. तिने एक घोट घेतला, तेवढ्यात हा चार पावलं पुढे. मागे वळून त्याने पाहिलं, तर तिच्या चेहऱ्यावर मत बदलल्याची काही खूण दिसेना. काय कमी पडतंय, या विचाराने तो आणखी भरभर चालायला लागला.

अति घाई संकटात नेई, हे रस्त्यावरच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, डोंगरावर पाट्या नव्हत्या. ओल्या पानांवरून त्याने एक उडी मारली आणि उजव्या बुटाचं सोल पुढून उघडलं. चिखलात पाय, आणि सोल टाचेला लोंबतंय.

मागून बायको आली. "पाय मुरगळला नाही ना?" तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने पिशवीतून पडद्याची दोरी काढली, बुटाला वरून-खालून दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

"हळूहळू या. मी थांबते पुढे," ती म्हणाली आणि निघाली.

भिंगरी जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या मागे पडला. फटक, फटक, फटक. दोरी सरकायची, तो वाकून ती वर ओढायचा, तोवर मंडळी दिसेनाशी व्हायची. त्याला बायकोची पाठ दिसत होती. इतक्या वर्षांत ती पाठ त्याने डोंगरावर कधी पाहिलीच नव्हती. ती सरळ होती, आणि पुढे जात होती.

घामाघूम होऊन तो वळणावर पोचला. मंडळी बसून गप्पा हाणत होती, मास्तर सफरचंद चावत होते. त्याला बघताच मास्तर उठले. "आला भिंगरी! चला!" सगळे उठले. बायकोही उठली. भिंगरी हसला आणि त्यांच्या मागे चालू लागला.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तो पोचतोय आणि ते उठतायत. त्याला पाणी हवं होतं, पण सगळे निघाल्यावर एकट्याने काय प्यायचं? त्याच्या पुढच्या वळणावर तर औषधवाले टाळ्या वाजवत म्हणाले, "शाब्बास! तुमच्यासाठी किती वेळ थांबलोय!" आणि गेले. भिंगरीच्या मस्तकात तिडीक गेली. अरे, माणसाला श्वास तरी घेऊ द्या! तुमचे गुडघे गार झाले, माझ्या छातीचा भाता चाललाय त्याचं काय? हे सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. कारण हे ज्याला सुनवायला हवं होतं, तो तर दोरी बांधलेल्या बुटाने खुद्द तिथे उभा होता.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ते असं. आपण बसलो, आपण दम खाल्ला, आपण ताजेतवाने झालो, आणि ती पोचली की चला म्हणालो. दर वळणावर. ज्याला विश्रांती नको होती त्याने ती घेतली, आणि जिला हवी होती तिला कधीच मिळाली नाही. वर आपण त्याला थांबणं म्हणत आलो. भिंगरीला लाज वाटली, आणि लाज घेऊन चढायचं म्हणजे बुटापेक्षा ते जड.

माथ्यावरच्या खडकांपाशी तो पोचला तेव्हा मंडळींचं खाणं आटोपलं होतं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "चला, उतरायला लागू. बस गाठायची आहे." पटापट पिशव्या खांद्यावर गेल्या. बायकोनेही पिशवी उचलली. भिंगरी धापा टाकत उभा होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवून परत खडकावर बसली.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आम्ही मागच्या बसने येतो. वाट माहितीये."

मंडळी गेली. आवाज खाली खाली जात बंद झाले.

"बसा," ती म्हणाली. तो बसला. पाय नाचायला लागले.

"आज मला कळलं," भिंगरी म्हणाला. "मी थांबायचो, आणि तुला कधी..."

"मलाही कळलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता. मला हिणवायला. आज मी पुढे होते, तुम्ही दिसलात, आणि मी पण टुणकन उठले की हो! तीन वेळा उठले. पुढे असलं की तसंच होतं वाटतं." आणि तिला हसू फुटलं. "तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता."

तिने एक अंडं काढून त्याच्या हातात ठेवलं. भिंगरी ते सोलायला लागला. वारा आला की खालच्या झाडांची पानं सुटायची आणि सावकाश खाली जायची. ही अशी आपणहून पडतात, हेही त्याने नीट कधी पाहिलं नव्हतं, सगळी पायाखालीच पाहिली होती.

"मग पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"ताईंना विचारते, तुम्हाला बरोबर घेतात का ते. दर बाकावर बसावं लागेल."

"बसेन."

"बघू हं," ती म्हणाली.

अंडं संपलं. पाण्याची बाटली रिकामी झाली. भिंगरीचा गुडघा उड्या मारत होता, जिभेच्या टोकावर 'चला' येऊन ठेपला होता, दर वेळी तो गिळून टाकत होता. छातीतली धडधड मात्र अजून पुरती बसली नव्हती. शेवटी तिनेच पिशवी उचलली आणि ती उठली.

"चला," ती म्हणाली.

"थांब जरा," भिंगरी म्हणाला. "मला दम खाऊ दे."

ती पुन्हा बसली.