फेलिझ्मिनाचा उलटा संत

फेलिझ्मिनाने संत आंतोनियोचं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्या दिवशी दोन महासत्तांच्या जेवणाची चव गेली. तिला याचा पत्ताही नव्हता. तिचं भांडण फक्त संताशी होतं.

लिस्बनमध्ये त्या वर्षी लढाई नव्हती; लढाई सोडून बाकी सगळं होतं. अख्ख्या युरोपात बाँब पडत होते आणि आमचा देश दोन्ही बाजूंशी गोड बोलत होता, लग्नात दोन्हीकडून आहेर घेणाऱ्या आत्यासारखा. इंग्रजांची वकिलात टेकडीच्या एका अंगाला, जर्मनांची दुसऱ्या, आणि मधल्या मद्रागोआच्या गल्लीत फेलिझ्मिना दोघांच्याही सदऱ्यांना खळ लावून इस्त्री करायची. "कॉलर सगळ्यांची मानेलाच मळते," एवढंच तिचं राजकारण.

बाई चाळिशीला टेकलेली, दंड कुस्तीगिराचे, आणि जीभ इस्त्रीपेक्षा तापलेली. फक्त एका माणसापुढे ती जीभ टाळ्याला चिकटायची. तो म्हणजे कासिमिरो. स्पेनमधल्या गालिसियाहून आलेला हा विधुर कोपऱ्यावर दुकान चालवायचा. डाव्या हाताला कोळशाचा ढीग, उजव्या हाताला दारूचं पिंप. गालिसियाचा माणूस जिन्यात भेटला तर तो चढतोय की उतरतोय हे कळत नाही म्हणतात; कासिमिरो तर जिन्यात आहे हेसुद्धा कळायचं नाही. वर्षानुवर्षं तो तिच्या दारात कोळशाचं पोतं उतरवायचा आणि म्हणायचा, "आज कोळसा कोरडा आहे."

"बरं झालं," ती म्हणायची.

झालं प्रेम. यापुढे गाडी कधी सरकली नाही.

मे महिन्यात समोरच्या खिडकीतून पेर्पेतुआमावशीने बातमी फेकली. मावशीचं पोट घरभाड्यावर चालायचं आणि जीव बातम्यांवर.

"अगं ए, ऐकलंस का? तुझ्या कोळशेवाल्याला त्याच्या बहिणीने गावाकडे बायको बघितलीय. जूनमध्ये संत आंतोनियोचा सण झाला की दुकानाला कुलूप."

"माझा कसला तो? सगळ्या गल्लीचा आहे."

"हो ना. म्हणूनच सदरा जाळलास आत्ता. वास येतोय इथवर."

सदरा खरंच जळाला होता. फेलिझ्मिनाने तो बाजूला टाकला आणि खिडकीत उभ्या संताच्या मूर्तीकडे मोर्चा वळवला. हरवलेली वस्तू आणि न मिळणारा नवरा, ही दोन्ही खाती आमच्याकडे संत आंतोनियोकडे असतात, आणि काम अडलं तर त्याला कसं वठणीवर आणायचं हे प्रत्येक पोरीला आईने शिकवलेलं असतं. आधी विनवणी. मग तोंड भिंतीकडे. मग त्याच्या हातातलं बाळ काढून घ्यायचं: नवरा दे, बाळ घे. तरीही हलला नाही, तर डोकं खाली करून पाण्यात.

तिने तोंड भिंतीकडे केलं. नेमका त्याच दिवशी सदरे न्यायला जर्मन वकिलातीचा एक साहेब आला होता. उन्हाळ्यातही हातमोजे घालायचा, म्हणून गल्लीत त्याचं नाव हातमोजे. त्याने पाठमोरा संत पाहिला. संध्याकाळी बंदरातून एक इंग्रजी जहाज गुपचूप सुटल्याचं त्याला कळलं, आणि त्याने दोन आणि दोन बावीस केले. दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीखाली उभा. तो तिथे का उभा आहे हे बघायला इंग्रजांचा माणूस आला. पाऊस नसताना छत्री बाळगणारा, म्हणून छत्री. छत्रीला संतात रस नव्हता. हातमोज्यांना रस आहे, यात त्याला रस होता.

पेर्पेतुआमावशीने ही पंचाईत ओळखली आणि सोडवली. समोरच्या दोन खोल्या तिने दोघांना भाड्याने दिल्या. भाडं काय, तर साखर आणि कॉफी. त्या दिवसांत नोटेला कोण विचारतो. "शेजारच्या खोलीत एक बहिरे पाद्री राहतात," असं तिने दोघांनाही सांगितलं. मग दोघेही पाद्रीबाबांना ऐकू जात नाही म्हणून निर्धास्तपणे मोठ्याने बोलायचे, आणि दोघेही पाद्री फार शिंकतात म्हणून कुरकुरायचे.

फेलिझ्मिनाने संताच्या हातातलं बाळ काढून ॲप्रनच्या खिशात घातलं, आणि जर्मनांनी आपली गुप्त कागदांची कपाटं एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात हलवली. इंग्रजांनी ती कपाटं हलताना पाहिली आणि आपलीही हलवली. दोघे एकाच हॉटेलात उतरले, हा भाग वेगळा. पुढच्या आठवड्यात फेलिझ्मिना देव पाण्यात घालून बसली: खिडकीत बादली, बादलीत संत, डोकं खाली, पाय वर. मोठ्या मेंदूंना अर्थ लागायला वेळ लागला नाही. पाण्याखाली गेलेलं डोकं म्हणजे पाणबुडी. दुसऱ्या दिवशी नदीच्या मुखाशी दुर्बिणी लावून बसलेले दोन जथे कोळ्यांना दिसले, एकाच कट्ट्यावर, खांद्याला खांदा लावून.

मग दोघेही सदरे घेऊन तिच्या दारी येऊ लागले. सदरे आधीच इस्त्रीचे.

"बाई, तुमचे हे पाहुणे," छत्रीने टोपी काढून विचारलं, "यांचं डोकं खाली का?"

"ऐकत नाहीत म्हणून."

"किती दिवस ठेवणार?"

"सणापर्यंत. तोवर झालं तर झालं, नाहीतर सगळं संपलं."

छत्रीचा चेहरा खळीसारखा पांढरा झाला. खाली जिन्यात हातमोजे फुलं घेऊन उभा होता. निदान फुलांनी तरी बाई बोलेल, या आशेने.

आता गंमत बघा. हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला रस्ता दिसतो, खिडकी दिसत नाही. पण बूट दिसतात. फेलिझ्मिनाच्या जिन्यात कासिमिरोला दोन जोड चकाकते बूट दिसले, आणि बुटांच्या वर फुलं.

त्याने पोतं उतरवलं. या खेपेला कोळशाबद्दल बोलला नाही.

"फेलिझ्मिनाबाई, तुमच्याकडे आता मोठी माणसं येतात. बरं आहे. मी सणानंतर निघतोय."

"ते सदरे द्यायला..."

पण तो उतरायला लागला होता. यावेळी चांगलं कळत होतं की उतरतोय.

फेलिझ्मिनाने संताला तंगडीला धरून बादलीतून वर काढलं. "एक मागितला तर दोन पाठवलेस," ती म्हणाली, "आणि दोन्ही भलतेच. जो होता तोही घालवलास." डोळे पुसले, नाक पुसलं, त्याच फडक्याने संतालाही जरा पुसलं. तिने ठरवलं, हा संतच कासिमिरोला देऊन टाकायचा. प्रवासाला निघालेल्या माणसाला काहीतरी द्यायला हवं, आणि असला निरुपयोगी देव घरात ठेवून करायचं काय.

सणाच्या आदल्या दुपारी गल्लीत कागदी माळा लागल्या होत्या, उंबऱ्याउंबऱ्यावर सार्डिन मासे भाजत होते. फेलिझ्मिनाने शिक्षा म्हणून पुन्हा बादलीत उलटा ठेवलेला संत बाहेर काढला आणि काखेत मारून निघाली. समोरच्या दोन खिडक्यांत एकाच वेळी दोन खुर्च्या पडल्या. खिडकी रिकामी. संत चालला. जिन्यावरून दोघे धावत खाली आले, दारात एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणाले, आणि एकदमच बाहेर पडले.

दुकानात कासिमिरो पिंप धूत होता. तिने संत पुढे केला.

"घेऊन जा याला. गावाकडे कुणाचं भलं केलं तर बघा."

एवढ्यात हातमोज्यांनी संताचे पाय धरले, छत्रीने खांदा. "बाई, आम्ही हवं ते देऊ," असं दोघेही म्हणत होते, अगदी सभ्यपणे, आणि सभ्यपणेच ओढत होते. मग दोघांचेही पाय घसरले आणि दोन्ही साम्राज्यं कोळशाच्या ढिगात जाऊन बसली. संत कासिमिरोच्या हातात राहिला.

त्याने संताकडे पाहिलं. डोकं ओलं. हात रिकामे. तो गालिसियाचा, त्याच्या आईनेही कधीतरी हेच केलं असणार. दोन सरकारांना महिनाभर जे उमगलं नाही, ते त्याला तेवढ्यात उमगलं. कानाची पाळी लाल झाली.

"याला पाण्यात ठेवला होता?"

"हो."

"कुणासाठी?" त्याने ढिगातल्या बुटांकडे पाहिलं. "यांच्यातल्या कुणासाठी?"

"यांच्यासाठी थेंबभर पाणी फुकट घालवीन का मी? मला कोळसा कोण आणून देतं?"

कासिमिरो खिशातून फडकं काढून संताचं डोकं कोरडं करायला लागला, नीट, कानामागूनसुद्धा.

"बाळ कुठंय याचं?" त्याने विचारलं.

तिने ॲप्रनच्या खिशातून काढून दिलं. त्याने ते संताच्या हातात बसवलं आणि म्हणाला, "बहिणीला निरोप धाडतो. नको म्हणून."

"बरं झालं," फेलिझ्मिना म्हणाली.

ढिगातल्या दोघांचा यावर काडीचाही विश्वास बसला नाही. लढाईच्या काळात कोळशाच्या दुकानात घडलेली गोष्ट साध्या लग्नाची कशी असेल? लग्नाला मात्र दोघेही आले, सदरे फेलिझ्मिनाच्याच हातचे घालून. एकाच बाकावर बसून पावावरचे सार्डिन खाल्ले, आणि हातमोजे शिंकला तेव्हा छत्रीने त्याच्याकडे जरा वळून पाहिलं.

त्यानंतर खिडकीत संत सरळ उभा राहिला, बाळ कडेवर, तोंड रस्त्याकडे. आठवडे गेले तरी हलेना, आणि ही तर सगळ्यात चिंतेची खूण, असं दोन्ही वकिलातींचं मत पडलं. खोल्या चालू राहिल्या. पुढे कंटाळून ते जातील की काय, अशी पेर्पेतुआमावशीला धास्ती वाटू लागली.

"अगं, माझी साखर संपत आलीय," ती खिडकीतून म्हणायची.

फेलिझ्मिना इस्त्री बाजूला ठेवायची, संताची क्षमा मागायची, आणि त्याला जरासं डावीकडे वळवायची.